फिरतं पाणी

आई,

तुझा पुदिना मातीशिवाय वाढवतोय म्हटलं असतं, तर तू म्हणाली असतीस, "माती नाय? मंग पेरलास कशात, नळात?" खरंच नळात गं. तू गेल्यावर मळा विकला, तिथं इमारती उठल्या. तेव्हा मी पुदिन्याची एक मुळी तेवढी उपटून आणली होती. पुढं गच्चीवर छोटं पॉलिहाऊस उभारलं. पाइपांना भोकं, भोकांत रोपं, खाली खतपाण्याची टाकी, आणि पंप तेच पाणी दिवसभर सगळ्यांतून फिरवतो. वाचत, चुकत शिकलो. पालक, कोथिंबीर आणि सगळ्यात वर तुझा पुदिना. असा माजला की पाइप दिसेना.

मग तुझी तिथी आली. तू दर हंगामाला पहिल्या पाटात गंगेचा तांब्या ओतायचीस. मीही रामकुंडावरून गंगेचा तांब्या भरून आणला, टाकीत ओतला, हात जोडले. बरं वाटलं.

थोड्या दिवसांनी बायको म्हणाली, "अहो, टाकीला वास येतोय."

"खताचा असेल."

"खताला मेल्या उंदराचा वास कधीपासून यायला लागला?"

झाकण काढलं. वर पानं हिरवीगार, आणि खाली मुळं चहाच्या चोथ्यासारखी. चिमटीत धरली तर साल सुटून हातात आली.

मी लहान आहे. मिरचीची कुजकी रोपं उपटून हौदात हात धुतोय. तू मनगट धरतेस. "आजारी रोपाचे हात हौदात नको घालू. पानी कुनाला नाय म्हनत नाय."

तुझा तांब्या मातीत जिरायचा. माझा फिरत राहिला. त्यातून काय आलं, देव जाणे. पंप बंद करावा तर मुळं वाळणार, चालू ठेवावा तर सडणार. आधी पालकानं मान टाकली, मग कोथिंबिरीनं. आता सकाळी वर जाताना वास जिन्यातच भेटतो.

पुदिन्याचा एकच शेंडा धड दिसला. तो कापला, उकळून गार केलेल्या पाण्यात धुतला आणि तुपाच्या जुन्या डब्यात माती भरून लावला. गंगेचं पाणी घातलं नाही. आपल्या घरात हे पहिल्यांदाच.

त्याचं खालचं पान काळं पडलंय. बायको म्हणते, "एकदा उपटून मुळं बघा की." मी म्हणालो, उद्या बघतो. काल विचारलं तेव्हाही हेच म्हणालो होतो.