साध्या रोपांवरची सावली

आई, तुझा धाकटा सगळ्या जुन्या जालन्यात सांगत फिरतो आहे की, माझ्या मुलीने वाढवलेल्या नव्या टोमॅटोच्या रोपांनी साध्या रोपांना हरवले. हे विधान चूक आहे. हे पत्र तुझ्यापर्यंत पोहोचणार नाही, हे जाणूनही खरी हकीकत लिहितो.

तुझी नात एका बियाणे कंपनीच्या बंदिस्त हरितगृहात काम करते. तेथील काही रोपांत एक जनुक बाहेरून घातले आहे. नवी आणि साधी रोपे सारख्याच प्रखर दिव्यांखाली ठेवायची आणि तो ताण सोसताना पानांतली संरक्षक जनुके कितपत जागी होतात, ते मोजायचे, असा प्रयोग. मोजणीत नवी रोपे फार पुढे निघाली. साहेबांनी पेढे वाटले. ही मात्र घरी येऊन जेवेना.

"बाबा, साध्या रोपांनी माना टाकल्या होत्या. मला पाहवलं न्हाई. दुपारभर त्यांच्यावर ओढणी टाकून ठेवली. ताणच बसला न्हाई, मंग जनुकं जागी कशी होतील?"

ही सवय तुझी. अजून डोळ्यांपुढे आहे: तीर्थपुरीच्या वाफ्यावर रोपांना सावली म्हणून तू ओले लुगडे ताणते आहेस आणि नुकताच वनस्पतिशास्त्र शिकू लागलेला मी तुला ऐकवतो आहे की, रोपांना प्रकाश आवश्यक असतो. "मास्तर, आधी घडीभर उन्हात उभं राहून दाखवा, मंग शिकवा मला," तू म्हणतेस आणि शेजारणी हसत सुटतात. पुढे ही पोर त्याच वाफ्यांतून तुझा पदर धरून वाढली.

खरे सांगितले, तर निकाल रद्द होईल. कदाचित नोकरीही जाईल. गप्प राहिली, तर बढती ठरलेली आहे. सकाळपासून मी फाटकाशी जातो, परत येतो, वर्तमानपत्र उघडतो, मिटतो. फोन वाजत नाही.

धाकट्याने वारसुद्धा चुकवले आहेत, तेही दुरुस्त करतो. दिवे सोमवारी लावले, रविवारी नव्हे. ओढणी त्याच दुपारी पडली. पेढे गुरुवारी वाटले गेले, शुक्रवारी नव्हे. शुक्रवारी मी तिला म्हणालो, "कोणाला कळणार आहे? राहू दे." हे धाकट्याला ठाऊक नाही.

आज शनिवार. ती सांगायला गेली आहे.