साडेचार मीटर

प्रिय ताई,

पाकीट हातात आल्यावर आधी ते उलटंपालटं करून बघशील आणि मग म्हणशील, चाळीस मिनिटांवर राहतो आणि पत्र कसलं पाठवतो, याला झालंय तरी काय! फोन दोनदा हातात घेतला होता. पण फोनवर तू मला बोलू कुठे देतेस? मी ‘हॅलो’ म्हणेपर्यंत जेवलास का, खोकला गेला का, बायकोची पाठ कशी आहे, एवढं सगळं विचारून ‘बरं ठेवते, मुलं उठली’ म्हणून तू मोकळी होतेस. शिवाय जे सांगायचंय ते मलाच अजून धड उमगत नाहीये. तीन कागद फाडून झाले. हा चौथा. जेवणाच्या सुट्टीत नकाशांच्या खोलीत बसून लिहितोय, डबा न उघडता बाजूला सरकवून ठेवलाय. तेव्हा मागचं पुढे नि पुढचं मागे झालं तर सांभाळून घे.

सुरुवात तुझ्या खोलीपासूनच करतो. बालकल्याण विभागाने तुला कळवलं की पाळणाघरात एकोणीस मुलं आहेत, त्या मानाने जागा कमी आहे, वर्ष संपायच्या आत मागच्या अंगाला एक खोली वाढवा, नाहीतर परवाना अकरा मुलांपुरताच राहील. अकरा मुलांवर पाळणाघर चालत नाही हे तू मला बोटं मोजून दाखवलं होतंस. दोघी मदतनीस आधी जातील आणि सहा महिन्यांत कुलूप लागेल. भाऊजी गेल्यावर शेजारच्या नर्सबाईंची मुलगी तू माझ्या जुन्या पलंगावर झोपवलीस, तिथून हे सुरू झालं. आता ती मुलगी नववीत आहे. तर ते पत्र पाठवणारा विभाग आमच्याच इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर आहे. आणि ओढ्याकाठी बांधू नका म्हणणारा आमचा विभाग तिसऱ्यावर. एक म्हणतो बांधा, एक म्हणतो खबरदार बांधाल तर. मधे एकच जिना आहे. त्या जिन्यावर दोन्हीकडचे लोक चहाचे कप घेऊन उभे असतात आणि सगळ्या जगाच्या गप्पा मारतात. मीही मारतो. इतक्या वर्षांत हे एकमेकांना विचारायला हवं असं कुणालाच सुचलं नाही, मला तर नाहीच नाही.

गेल्या वर्षी जिल्ह्याच्या सभेने दोन ठराव केले. पहिला असा की ओढ्यांच्या दोन्ही काठांना जो बारा मीटरचा मोकळा पट्टा होता, तो तीस मीटरचा करायचा आणि त्यात नवं बांधकाम होऊ द्यायचं नाही. दुसरा असा की वरच्या अंगाला मोठ्या रस्त्याखालची मोरी फोडून दुप्पट रुंद करायची. पट्ट्याचे नकाशे माझ्याकडे आले, एकूण चौदा. मोरीचं काम बांधकाम खात्याकडे. मोरी रुंद झाल्यावर तुझ्याकडे पाणी जास्त येईल की कमी, हे मी आमच्या साहेबांना विचारलं. ते म्हणाले, तुंबणार नाही, त्यामुळे सावकाश निघून जाईल. बांधकामावरच्या देखरेखवाल्याला विचारलं, तो म्हणाला, आजवर वर अडून राहायचं ते आता सगळं एकदम खाली येईल. दोघांनीही पेन्सिलने चित्र काढून समजावलं आणि मला दोघांचंही तंतोतंत पटलं. सध्या माझं हे असं चाललंय. जो शेवटचा बोलेल त्याचं खरं वाटतं.

तुला आठवतं ना, घरामागचा तो ओढा आपण एका उडीत पार करायचो. तू फ्रॉक खोचून, आणि मी शाळेची पट्टी हातात घेऊन. जाऊ तिथे मोजत सुटायचो म्हणून तू माझं नावच ‘पट्टी’ पाडलंस, आणि माझ्या बायकोसमोर अजूनही त्याच नावाने हाक मारतेस. तिलाही आता त्याची सवय झालीय. पण दोन वर्षांपूर्वीच्या त्या दुपारी तो ओढा राहिला होता का? तुझा फोन आला तेव्हा तुझा आवाजच मला ओळखू येईना. मी पोचलो तेव्हा तू झोपलेली मुलं दोन-दोन करून वर नेत होतीस आणि पाणी मागच्या अंगणातल्या झोपाळ्याच्या फळीला लागलं होतं. एकाही मुलाला जाग आली नाही याचं तुला इतकं कौतुक की पुढचे आठ दिवस तू सगळ्यांना तेवढंच सांगत होतीस. पाणी संध्याकाळपर्यंत उतरलं, पण काठ कातरून घेऊन गेलं. तो झोपाळा होता तिथेच तुझी नवी खोली यायचीय. हे मी तुला कधी बोलून दाखवलं नाही. तूही बोलली नाहीस.

आता सुताराचं सांगतो. त्याच्याबद्दल सांगितल्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही. नकाशे मागच्या महिन्यात खाली मोठ्या हॉलमध्ये लावले होते, लोकांनी येऊन बघावं म्हणून. मी उत्तरं द्यायला उभा होतो. बरेचसे लोक आपलं घर शोधून, त्यावर बोट टेकवून, समाधानाने जातात. हा सुतार दीड तास थांबला. तुझ्याहून दोन वळणं खाली त्याची वखार आहे. लाकडांवर छप्पर घालायचं होतं, जेमतेम एक मीटर पट्ट्यात येतं म्हणून आम्ही परवानगी नाकारली. लाकूड भिजून वाकतंय. त्याने खिशातून घडीची मोजपट्टी काढली, आधी आपल्या नकाशावर लावली आणि मग एकेक करत सगळ्या नकाशांवर. चौदाव्यापाशी थांबला. मला म्हणाला, साहेब, माझ्याकडे तुम्ही काठापासून मोजलंय, इथे ओढ्याच्या मधल्या रेघेपासून कसं काय? मी नकाशावर वाकून ती रेघ बघू लागलो. तोच मला सांभाळून घेत म्हणाला, असेल बाबा तुमची काहीतरी पद्धत, आम्हाला काय कळतंय. मोजपट्टी घडी करून खिशात घातली आणि नमस्कार करून गेला. तो रागावला असता तर बरं झालं असतं, ताई. त्याने विश्वास ठेवला.

चौदावा नकाशा तुझ्या घराचा आहे.

पद्धत आहे, हे खोटं नाही. आमच्याकडे तीन मीटरपेक्षा अरुंद ओढा नकाशावर एकाच रेघेने दाखवतात आणि अंतर त्या रेघेपासून धरतात. तीन मीटरच्या वर गेला की दोन काठांच्या दोन रेघा, आणि अंतर काठापासून. जुन्या मोजणीत आपला ओढा एकाच रेघेचा आहे, आपण उडी मारायचो तेव्हाचा. मी त्या रेघेवरून तीस मीटर धरले आणि पट्टा काढला. तुझी खोली अर्धा मीटर बाहेर सुटली. कुणीही तपासलं असतं तर म्हटलं असतं, पद्धतीप्रमाणे आहे. फक्त बाकीच्या तेरा ठिकाणी मी स्वतः टेप घेऊन गेलो होतो. चिखलात बूट गमावले, एका म्हाताऱ्या कुत्र्याने पिंढरी धरली, पण जुन्या रेघेवर विसंबलो नाही. चौदाव्या ठिकाणी गेलो नाही, कारण मला वाटलं, तिथे काय जायचं, ती जागा तर मला डोळे मिटून माहीत आहे.

आणि ती खरंच माहीत होती! दर शनिवारी मी तुझ्या मागच्या पायरीवर बसून तोच ओढा बघत चहा पितो. तो आता एका उडीचा राहिलेला नाही हे मला दिसत होतं. मग नकाशा काढताना ते दिसणं कुठे गेलं? आळस म्हणावं, तर तेरा ठिकाणी कसा आला नाही? तुझ्यासाठी मुद्दाम केलं म्हणावं, तर ते करताना मला तसं वाटल्याचं आठवत नाही. माझ्या मनात त्या दिवशी काय होतं ते मी आठवून आठवून थकलो. एकदा वाटतं साधी चूक. एकदा वाटतं, माझ्या हाताने ते केलं आणि मला कळू दिलं नाही. स्वतःचं मन असं परक्यासारखं वाटणं फार वाईट गं.

गेल्या शनिवारी मी टेप घेऊन आलो होतो, आठवतंय? तू विचारलंस कशाला, मी म्हटलं कुंपण मोजतो. पायात भाऊजींचे गमबूट चढवून तू टेपचं एक टोक धरून पलीकडच्या काठावर गेलीस. ‘नऊ मीटर बरोब्बर!’ असं तूच ओरडून सांगितलंस, वर ‘किती रुंद झाला रे मेला’ असंही म्हणालीस. मी वहीत नऊ लिहिलं. नऊचे निम्मे, म्हणजे मधल्या रेघेपासून काठापर्यंत, साडेचार. पट्टा घराच्या बाजूला साडेचार मीटर सरकतो. तुझी नवी खोली अख्खी त्यात जाते आणि जुन्या घराची भिंत कशीबशी बाहेर राहते. तू हात पुसत आत गेलीस आणि माझ्यासाठी शिरा परतायला घेतलास, आणि मी तो दोन वेळा मागून खाल्ला. हे लिहिताना मला माझीच किळस येतेय.

सोमवारी मी दुरुस्तीचा कागद साहेबांच्या टेबलावर ठेवला. मंगळवारी सभेने चौदाही नकाशे कायम केले, तुझा दुरुस्त होऊन. म्हणजे तुझी खोली मी खोडली, ताई. दुसऱ्या कुणी नाही. नोटीस तुला आठवड्याभरात मिळेल, खाली आरेखक म्हणून माझीच सही असेल. मी बरोबर केलं का? सुताराचा चेहरा आठवला की वाटतं, हो. झोपाळ्याला लागलेलं पाणी आठवलं की वाटतं, हो, नक्की. पण ती नववीतली मुलगी शाळा सुटल्यावर अजूनही तुझ्याकडे दप्तर टाकून जाते हे आठवलं की काही म्हणजे काही वाटेनासं होतं.

त्यात साहेबांनी सगळ्यांदेखत माझं कौतुक केलं. म्हणाले, स्वतःची चूक स्वतः शोधून दाखवणारा माणूस विरळा. टाळ्या वाजल्या. मी उभा राहून हसलो. पण त्यांना जे माहीत नाही ते असं. काम हाती घेताना एक फॉर्म भरून द्यावा लागतो की या नकाशांत माझ्या जवळच्या नातेवाइकाची जागा नाही. असेल तर तो नकाशा दुसऱ्याकडे जातो. मी वीस कागदांबरोबर त्याच्यावरही सही केली होती. तेव्हा वाचलं नव्हतं, असं मी स्वतःला सांगत आलो. पण सोमवारी दुरुस्ती देताना तो पुन्हा भरायचा असतो, आणि सोमवारी मी तो वाचला. वाचून ‘नाही’ वर खूण केली. तुझं आडनाव वेगळं, कुणाला काय समजणार? ही मात्र चूक नव्हती. एवढं एकच मला या सगळ्यातलं स्वच्छ कळतं.

आता पत्र का, ते सांगतो. नोटिशीवर तीस दिवसांत आक्षेप घेता येतो, आणि त्याला लेखी पुरावा जोडावा लागतो. ज्याने नकाशा काढला तो घरमालकिणीचा सख्खा भाऊ आहे आणि त्याने ते लपवलं, हे सिद्ध झालं तर चौदावा नकाशा रद्द होतो. नव्याने मोजणी, नवा माणूस, दीड-दोन वर्षं सहज. तोवर तुला जुना बारा मीटरचा नियम लागू, म्हणजे खोली बिनघोर बांधता येईल. माझी नोकरी राहणार नाही, ते उघडच आहे. फोनवर बोललेलं जोडता येत नाही, म्हणून हे सगळं शाईने लिहिलंय, आणि कागदाच्या पाठीवर तारीख, कार्यालयाचं नाव घालून पूर्ण सही केलीय. तू हे जोडावंस असं मला वाटतं का? माहीत नाही. जोडू नयेस असं वाटतं का, तेही माहीत नाही. त्या जागेवर खोली व्हावी की होऊ नये हेसुद्धा मला ठरवता येत नाही, आणि ठरवता येत नाही म्हणून मी ते तुझ्या गळ्यात घालतोय, याची मला लाज वाटते. पण तुला न सांगता तुझी खोली पुसून टाकणं आणि शनिवारी येऊन पायरीवर बसणं, हे मला जमणार नाही. आक्षेपाचे अर्ज तळमजल्यावर, चार नंबरच्या खिडकीत घेतात. या महिन्यात त्या खिडकीवर माझी पाळी आहे. आलीस तर रांगेत उभी राहू नकोस, गुडघा दुखतो तुझा, बाकावर बस, मी हाक मारेन. अर्जाची पोच शिक्का मारून मीच देईन.

तुझाच,
धाकटा