पळीचा दांडा खिडकीकडे

प्रिय घाईबाई,

पत्र बघून दचकू नकोस. सगळे धडधाकट आहेत, नळाला पाणी आहे, तुझ्या लेकीने, चिंगीने, काही फोडलेलं नाही. एकाच घरात राहून सासऱ्याने सुनेला पत्र लिहायचं म्हणजे जरा अतीच झालं, हे मलाही कळतं. पण तू कामावरून येतेस तेव्हा मी झोपलेला, मी उठतो तेव्हा तू झोपलेली, आणि मधे कधी जिन्यात गाठ पडलीच तर "आबा, सावकाश उतरा" आणि "छत्री घेतलीस का" यापुढे आपली गाडी जात नाही. म्हटलं, घेवडा शिजतोय तोवर लिहूनच काढावं. दुपार आहे. गॅस अगदी बारीक केलाय. पातेल्यावरचं झाकण मधूनच जरासं उचललं जातं, एक उसासा टाकतं आणि पुन्हा बसतं, खुर्चीत डुलक्या काढणाऱ्या माणसासारखं. खिडकीची काच वाफेने पांढरी झालीय. तिच्यातून गल्ली अशी दिसते, की कोणी रंगाचा एक पातळ हात मारून ठेवलाय आणि दुसरा मारायचं विसरून निघून गेलंय.

तू या घरात आलीस तेव्हाचे दिवस आज सारखे डोळ्यांसमोर येतायत. तुझ्या सासूबाई जाऊन फार दिवस झाले नव्हते. स्वयंपाकघर नुसतं चहा करायची जागा होऊन बसलं होतं. तू ओट्याला टेकून उभ्या उभ्या पाव खायचीस, एक डोळा घड्याळावर आणि एक पाय चपलेत. घाईबाई हे नाव मी तेव्हाच ठेवलं, आधी मनात आणि मग तोंडावर. तुझा नवरा, म्हणजे आमचे ड्रायव्हरसाहेब, बसच्या दोन फेऱ्यांच्या मधे डेपोत काहीबाही पोटात ढकलून यायचे. आणि मी नुकताच शिडीवरून कायमचा खाली उतरलेला रंगारी. गुडघ्यांनीच मला कामावरून काढून टाकलं होतं. दिवसभर घरात बसून भिंतींकडे बघायचो, आणि त्या माझ्याकडे. एक दिवस मनात आलं, या घरातली माणसं आपापल्या वेळेला येतात आणि सगळीच गार खातात, आणि मी इथे हात चोळत बसलोय. उठलो आणि बाजारातून घेवडा आणला.

शिकवणारं कोणी नव्हतं. रंगात गुठळी राहिली की हात खराब होतो, एवढं एकच शास्त्र मला येत होतं. तेव्हा रंग गाळायला आणून ठेवलेलं कोरं फडकं काढलं आणि शिजलेला घेवडा त्यातून गाळला. तू ताटलीत बघितलंस, त्यात चमचा उभा करून पाहिलास, तो उभाच राहिला. म्हणालीस, "आबा, हे पोटात घालायचं की भिंतीला लावायचं?" मी म्हटलं, "भिंतीला लावायचं तर दोन हात लागतील." तू हसलीस, आणि हसता हसता खुर्ची ओढून बसलीस, आणि बसून जेवलीस. या घरात तू बसून जेवलेलं ते पहिलं जेवण.

मग मी माझ्या पद्धतीने शिकत गेलो. कांदा किती परतायचा हे मला कोणी मिनिटांत सांगितलं तर समजत नाही. नव्या लाकडी दाराला तेलाचा पहिला हात दिला की जो रंग येतो, तिथे कांदा थांबवायचा. मग बटाटा, गाजर, कोबी, भोपळा असेल तर भोपळा, शिजलेला घेवडा, आणि शेवटी लोण्याचा गोळा. सगळं एकाच मोठ्या पातेल्यात, एकदाच. त्याचं कारणही रंगकामातलंच. भिंतीला लागेल तेवढा रंग एकदाच कालवून घ्यावा लागतो. अर्ध्या भिंतीवर रंग संपला तर पुन्हा कितीही कालवा, ती छटा जुळत नाही, आणि सांधा जन्मभर दिसत राहतो. म्हणून हे पातेलं. दुपारी एकदा भरलं की चिंगी शाळेतून आल्यावर त्यातूनच, ड्रायव्हरसाहेब फेरी संपवून आल्यावर त्यातूनच, आणि सगळ्यांत शेवटी तू, चष्म्याच्या काचांच्या कारखान्यातली दुसरी पाळी संपवून. वेळा वेगळ्या, पण जेवण एकच. मला आपलं वाटत राहतं, की आपण सगळे एकाच पंगतीला बसतो, फक्त पंगत फार लांबलचक आहे आणि शेवटचा पाट अंधारात आहे.

सकाळी उठल्यावर मी आधी चहा ठेवत नाही, आधी पातेलं बघतो. तुला हे कधी सांगितलं नाही. रंगाच्या डब्यात जशा रेघा राहतात तशा पातेल्याच्या आतल्या बाजूला राहतात. पहिली रेघ चिंगीची. ती गाजरं वेचून झाकणाच्या कडेला मांडून ठेवते, जणू ती वाळवायला घातलीयत. दुसरी रेघ खोलवर गेली असेल तर समजायचं, ड्रायव्हरसाहेबांचा दिवस बरा गेला. रेघ नुसतीच खरचटली असेल तर समजायचं, रस्त्यात कोणीतरी डोकं खाल्लं आहे, त्यामुळे पोटात जागा उरली नाही. झाकण तर ते बापजन्मात सरळ लावत नाहीत. आणि तू पळीचा दांडा वळवून ठेवतेस. पोटभर, बसून जेवलीस की दांडा खिडकीकडे. घाईत चार घास टाकून झोपलीस की दांडा भिंतीकडे. हे तूच सुरू केलंस, पहिल्या वर्षी, मी फार विचारायला लागलो म्हणून. "आबा, मला उठवून विचारू नका, पळीला विचारा." इतकी वर्षं मी पळीलाच विचारत आलोय. दांडा खिडकीकडे असला की माझा दिवस उजाडतो. भिंतीकडे असला की उगीचच कांदा जास्त चिरला जातो.

आणि खरवड. तळाला जे खरपूस धरतं, तो तर आपला जुना तंटा. तू पळीने तळ असा खरवडतेस की खालचा घड्याळजी विचारतो, तुमच्याकडे रोज भांड्यांना कल्हई होते काय. माझ्या वाट्याला कधी चिमूटभर आली असेल तर शपथ. पण या महिन्याच्या सुरुवातीला एका सकाळी झाकण उघडलं तर अख्खी खरवड तशीच, आणि तीही सोडवून, एका बाजूला नीट लावून ठेवलेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. दांडा मात्र भिंतीकडे. मी खुर्चीत बसून ती खाल्ली. इतक्या वर्षांनी मिळाली आणि चवच लागेना. म्हटलं, हे काय. ही बाई माझ्याशी एकदम इतकी चांगली का वागायला लागली.

उत्तर तुझी ती कारखान्यातली हसरी मैत्रीण घेऊन आली. डबा परत करायला म्हणून आली होती, तू आंघोळीला गेली होतीस. मला म्हणाली, "मग काय आबा, तिकडे मोठं स्वयंपाकघर मागून घ्या हं, साहेबीणबाई होणार तुमची सून." माझं तोंड बघून तिने जीभ चावली, आणि मग माझ्या चहाला जागून सगळं सांगितलं. दूरच्या त्या शहरात नवा कारखाना उघडतोय, काचा घासण्याचा अख्खा विभाग तुझ्या हाताखाली द्यायचं चाललंय, दिवसाचं काम, रविवारची सुट्टी. आणि महिना संपायच्या आत तुला उत्तर द्यायचंय. आणि तू ठरवलंयस, नाही म्हणायचं. आबांना इथून उपटून नेलं तर ते टिकायचे नाहीत आणि एकटं ठेवलं तर जेवायचे नाहीत, असं तू तिला म्हणालीस म्हणे. तिचा राग करू नकोस. मन हलकं करून गेली बिचारी. ड्रायव्हरसाहेबांपाशी मी चकार शब्द काढलेला नाही, त्यांचं तोंड त्यांच्या झाकणासारखं, कधीच पुरतं बंद नसतं. ते तुझं तू सांग. बस काय, जिथे रस्ता आहे तिथे चालते.

तुझं पहिलं म्हणणं बरोबर आहे. मला उपटू नकोस. या गल्लीत असं एक दार नाही जे मला आतून माहीत नाही. न्हाव्याचं दार आज हिरवं दिसतं, पण खाली निळं आहे, आणि त्याखाली एक पिवळा हात आहे, तो मी आणि तुझ्या सासूबाईंच्या भावाने मिळून मारला होता, एका अशाच पांढुरक्या दुपारी. संध्याकाळी फिरायला निघालो की मला वरचे रंग दिसत नाहीत, खालचे दिसतात. सगळी गल्ली पातळ होत होत मागे जाते. कधी कधी निळ्याच्या आसपास कुठेतरी तुझ्या सासूबाई दारात उभ्या दिसतात, हातात पिशवी, मला विचारतायत, शिडीवरून उतरणार आहात की तिथेच जेवण पाठवू. तिकडच्या नव्या शहरात माझ्या हाताची एकही भिंत नाही. तिथे मला वरचेच रंग दिसतील. तेव्हा मी इथेच बरा.

राहिलं तुझं दुसरं म्हणणं, एकटा जेवणार नाही. तेही बरोबर होतं, या महिन्याच्या सुरुवातीपर्यंत. आता ऐक. तुझी मैत्रीण येऊन गेली त्याच दिवशी मी बाजारात जाऊन एक लहानसं पातेलं आणलं आणि माझ्या जुन्या ब्रशांच्या खोक्यामागे लपवलं. तू झोपलेली असताना, सकाळी, एकट्यापुरतं करून बघायला लागलो. अगं, इतकं अवघड काम मी जन्मात केलं नाही. तीन मजली इमारत रंगवली, पण हे जमेना. अर्धा कांदा घेतला तर उरलेला अर्धा माझ्याकडे बघत बसायचा. एकच बटाटा घ्यायचा म्हणून हातात घेतला आणि तसाच बसून राहिलो, इतका एकटा बटाटा मी कधी पाहिला नव्हता. मग दुसरा घेतला, त्याला सोबत म्हणून. मग दोघांना गाजर. बघता बघता लहान पातेलं उतू, आणि मी ते घेऊन खाली घड्याळजीकडे. तो काही दिवस गुपचूप खात राहिला, मग म्हणाला, "रंगाऱ्या, एकतर एकट्याचा स्वयंपाक शीक, नाहीतर मला नवीन पॅन्ट शिवून दे." मीठ तर कधी समुद्र, कधी काहीच नाही. मोठ्या पातेल्यात चूक पोहून पार होते, लहानात ती थेट तोंडावर येते. पण परवा जमलं. कांदा त्याच रंगावर थांबला, बटाटा एकच पडला, लोणी नखाएवढं. खिडकीपाशी खुर्ची ओढली, बसून जेवलो, ताटली पुसून खाल्ली. काल पुन्हा केलं, पुन्हा जमलं. घड्याळजी वाट बघून वर आला, आणि रिकामी ताटली बघून जरा रुसूनच खाली गेला.

घेवडा शिजलाय, झाकणाने उसासे टाकायचं थांबवलंय. आज ओट्यावर तुला दोन पातेली दिसतील आणि त्यांच्या मधे हे पत्र. मोठ्यातलं नेहमीसारखं, तुम्हा सगळ्यांचं. लहानातलं माझ्या एकट्याच्या जेवणातून तुझ्यासाठी काढून ठेवलंय. आधी ते खा. माझी दया येऊन खाऊ नकोस, काच तपासतेस तसं ते उजेडात धरून बघ. हे खाऊन हा म्हातारा नीट राहील असं तुला मनापासून वाटलं, तर पळीचा दांडा खिडकीकडे वळवून झोपून जा, आणि उद्या कारखान्यात जाऊन हो म्हण. मला उठवू नकोस, जिन्यात काही बोलू नकोस, तुझे डोळे भरतील आणि माझी पायरी चुकेल. जाताना मोठं पातेलं तुझं. ते सामानात सगळ्यांत खाली घाल, आत चिंगीचे कपडे बसतील. तिकडे तू दिवसाउजेडी घरी येशील, तेव्हा तुम्ही तिघंही एकाच वेळेला त्याच्याभोवती बसाल. ते कसं दिसेल, हे मी इथे खिडकीपाशी बसून बघत असतो. एकच गोष्ट तुझ्यापासून लपवत नाही. लहान पातेल्याला खरवड धरत नाही. कितीही बारीक गॅस ठेवा, तळच तेवढा नाही. तेव्हा ती मला तिकडे येऊनच खावी लागणार. चिंगीला सुट्टी लागली की येईन. त्या दिवशी पळी माझ्या हातात दे आणि मधे मधे करू नकोस, कारण या महिन्यात तू मला जी फुकट दिलीस ती मी मोजत नाही. भांडून मिळाली तरच ती खरवड.

तुझाच, तळाचा वाटेकरी,
आबा