मागं घेतलेला माफीनामा

ता. १६ जानेवारी २०२५

चि. सौरभ यास,
सप्रेम जयभीम आणि अनेक आशीर्वाद.

आम्ही दोघं ठीक आहोत. थंडीनं तुझ्या बाबांचा गुडघा धरलाय, तरी हुरड्यासाठी रानात जायचं सोडत नाहीत. निम्मं गाव ऊसतोडीला गेलंय, गल्ली मोकळी वाटते. तुझं पोलीस भरतीचं ग्राउंड कसं चाललंय? गोळाफेकीत कमी पडतो म्हणत होतास. सकाळी भिजवलेले हरभरे खात जा.

आठ दिवस तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. पत्र कट करता येत नाही.

तुला अर्धंच ठाऊक आहे. पहिल्यापासून सांगते.

शेजारच्या केसरबाईच्या सुनेला कळा सुरू झाल्या त्या दुपारी केसरबाईनं आणि मी तिला हाताला धरून आरोग्य उपकेंद्रापर्यंत नेलं. मंत्रीसाहेबांनी फीत कापून चौदा महिने झाले, तरी दाराला कुलूपच. तिला पायरीवर बसवून जीप शोधली. तालुक्याला पोचायच्या आत रस्त्यातच ती बाळंत झाली. बाळ रडलंच नाही. माझ्या पदरात गुंडाळून मी त्याला परत आणलं. सव्वीस वर्षं अंगणवाडीत लेकरं सांभाळली, पण इतकं गप्प लेकरू कधी हातात घेतलं नव्हतं.

निवृत्त झाल्यापासून समाजमंदिरापुढच्या फळ्यावर मी रोज पेपरातल्या बातम्या लिहिते. दुसऱ्या दिवशी एकच ओळ लिहिली : 'मंत्रीसाहेब, फीत तुम्ही कापली. कुलूप कोण उघडणार?'

त्यात शिवी नव्हती, खोटं नव्हतं. पण हनुमान, मंत्र्यांचा गावातला माणूस, त्यानं फोटो काढून तक्रार दिली. बदनामी म्हणे, अफवा, गावात अशांतता. पोलिसांनी पंचनामा केला आणि फळा टेम्पोत घालून नेला. मग फौजदारसाहेबांनी मला ठाण्यात बोलावलं.

"आजी, दोन ओळींचा माफीनामा द्या अन् विषय संपवा."

"कुलूप हाय का न्हाई, ते आदी जाऊन बघा की साहेब."

"ते आमचं काम नाही."

"मंग फळा उचलून न्यायचं काम कुणाचं?"

त्यांनी चार दिवसांची मुदत दिली. त्याच रविवारी तू आलास. ताटावर बसला नाहीस. "आई, माझी भरती हाय. तुझ्यावर केस झाली तर मला कोण घेईल? कावून एवढा हट्ट?" म्हणालास. मी भाकरी थापत राहिले. तेव्हा बोलायला हवं होतं, तेवढं माझं चुकलं. सोमवारी पहिल्या गाडीनं तू गेलास.

बुधवारी ठाण्यातले जमादार रस्त्यात भेटले. "बरं केलं आजी, माफीनामा पोचला." मी तर माफीनामा दिलाच नव्हता. घरी येईपर्यंत हनुमाननं तो कागद गावच्या ग्रुपवर टाकला होता. उपकेंद्र त्या दिवशी उघडं होतं, केसरबाईच्या सांगण्यावरून मी खोटं लिहिलं, असं त्यात होतं. खाली माझी सही.

केसरबाई दारात येऊन उभी राहिली. ये म्हटलं तर आत आली नाही. "जाई, मी खोटं बोलले का गं? तू तर संगं हुतीस."

सौरभ, त्या सहीतल्या 'ज'ला खाली गाठ होती. असा 'ज' या घरात एकच माणूस काढतो. पाटीवर हात धरून कितीदा गिरवून घेतला, पण तुझी ती गाठ काही सुटली नाही.

आधी राग आला. मग भीती वाटली, आणि ती माझ्यासाठी नव्हती. पाटोद्याच्या वकीलबाईंना जाऊन विचारलं. त्या म्हणाल्या, "आईवरच्या गुन्ह्यानं मुलाची भरती अडत नाही. पण कुणी खोटी सही केली असेल, तर त्याचं मात्र अवघड आहे." मी कुणाचं नाव घेतलं नव्हतं.

शनिवारी ठाण्यात गेले. तुझे बाबा सोबत आले. फौजदारसाहेबांनी कागद पुढं सरकवला. "ही सही तुमचीच ना?"

मी खोटं कधी बोललेच नाही असं नाही. पोलिसांपुढं मात्र पहिल्यांदा बोलले.

"माझीच."

"मग आता काय?"

"मागं घेते. लिहून आणलंय. कुलूप होतं, केसरबाई खरं बोलली. फळ्यावरची ओळ माझी, ती तशीच ऱ्हाईल."

"गुन्हा दाखल होईल आजी. या वयात कोर्टाच्या चकरा झेपतील का?"

"ते लेकरू उचलून आणायला झेपलं साहेब. त्यापुढं ह्ये काय?"

चार माणसांत तोंड न उघडणारे तुझे बाबा तेवढ्यात उभे राहिले. "साहेब, माझं बी नाव घ्या. कचरू. त्यो फळा भिंतीला मीच ठोकलाय." जमादारांनी तोंड फिरवून हसू दाबलं.

गुन्हा दाखल झाला. होऊ दे.

फळा अजून ठाण्यातच आहे. आपल्या घराची रस्त्याकडची भिंत मी काळी रंगवून घेतली, तिच्यावर लिहिते. भिंत टेम्पोत मावत नाही. परवा उपकेंद्राचं कुलूप निघालं, आठवड्यातून दोन दिवस सिस्टर येते. हनुमान म्हणतो, साहेबांनी करून दाखवलं. म्हणू दे. काल मी लिहिलं : 'सिस्टर आल्या, औषधं कधी?' केसरबाईच्या सुनेनं उभं राहून वाचलं. "मावशी, बाकीचे पाच दिवस कोण, ते बी लिहा." मी खडू तिच्याच हातात दिला.

केसरबाई मात्र अजून उंबरा ओलांडत नाही. तिला वाटतं, जाई आधी वाकली आणि मग सरळ झाली. तिला खरं काय ते तू येऊन सांग. मी सांगणार नाही. पोलिसाला सांगू नको, हनुमानला सांगू नको, पण तिला सांग. हे पत्र वाचून जाळून टाक.

तू भ्यालास, याची लाज धरू नको. भ्यावं म्हणूनच ते सगळं असतं. पण यापुढं स्वतःच्या नावानं भी, माझ्या नावानं नको. उद्या अंगावर वर्दी आली आणि एखादी म्हातारी असाच प्रश्न घेऊन तुझ्यापुढं बसली, तर आधी उठून कुलूप बघून ये.

तुझ्या भरतीच्या फॉर्मवर आईच्या रकान्यात जिचं नाव आहे, ती,

जाईबाई