ससा, किडा आणि कानबाईची लाली

६ जुलै, रविवार
अखेर आज पार्लरचं कपाट आवरलं. माझ्या लेकीला, भावूला, अभ्यासापेक्षा शाम्पूच्या बाटलीमागची बारीक अक्षरं जास्त आवडतात. ती मोबाईलवर एकेक कंपनी बघत गेली, मी दोन टोपल्यांत बाटल्या टाकत गेले. प्राण्यांवर तपासलेलं डावीकडे, न तपासलेलं उजवीकडे. डावी भरून सांडली. सशाच्या डोळ्यांत काय काय घालून बघतात ते तिनं मागे दाखवलं, तेव्हापासून माझ्याकडून कुणाचं लायनर सरळ ओढलं जाईना.
माय दारात मेथी निवडत होती. (सासूबाई असं मी कधी लिहिलंच नाही. माय ती माय.)
"इतला माल फेकी देशी?"
म्हटलं, नाही गं, आहे तो संपवीन. पुढचा तसला आणणार नाही.
"मंग ठीक शे."
एवढ्यावर सुटले. पुढची खोली पार्लरला दिली तेव्हाही ती एवढंच बोलली होती. आमच्या डिंडोलीत किती सुना एका खोलीसाठी रडतात. मला न मागता मिळाली.

११ जुलै, शुक्रवार
नवा माल आला. शाम्पू, कंडिशनर, मेंदी, फाउंडेशन, सहा लिपस्टिक. सगळ्यांवर सशाचं चित्र, म्हणजे प्राण्यांवर तपासलेलं नाही. शेळीच्या केसांचे ब्रश गेले, नायलॉनचे आले. पावडर नीट धरत नाहीत, हात बसायला वेळ लागेल.
शाम्पूला फेस कमी. दोन जणींनी "आधीचाच द्या ना ताई" केलं. तिसरी म्हणाली केस हलके वाटतात. तिचं नाव घेऊन चहा प्यायले.
लाल लिपस्टिक एक वेगळी काढून ठेवली. कानबाईची, श्रावणात बसते त्या आमच्या देवीची. लग्नानंतरच्या पहिल्याच श्रावणात माय म्हणाली होती, पार्लरवाली सून आणली, आता देवीचं तोंड तूच रंगव. तेव्हापासून नारळाच्या त्या देवीचे ओठ, भुवया, गालाची लाली, सगळं माझ्याच हातचं. आरतीला आलेल्या बाया विचारतात, मुखडा कुणी केला? माय नुसती माझ्याकडे बघते. वर्षभर मला तेवढं पुरतं.

१५ जुलै, मंगळवार
फजिती.
हेमाबेन आल्या होत्या, मागच्या सोसायटीच्या. पक्क्या वैष्णव. काहीही लावायच्या आधी त्यांचा प्रश्न ठरलेला, "लीलुं टपकुं छे ने?" हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी. मी ऐटीत म्हटलं, आता तर ससासुद्धा आहे. त्यांनी लिपस्टिकची डबी उलटी केली.
"भाभी, आमां तो लाल टपकुं छे."
इतकी वर्षं त्यांच्यासाठी ठिपका बघत आले, आणि ससा दिसल्यावर ठिपका बघायचंच विसरले.
भावूनं वाचून दाखवलं. "मम्मी, ससा म्हणजे प्राण्यांवर टेस्ट नाही केलं, बस. आत शुं नाख्युं, काय घातलं, ते वेगळं. हा लाल कलर किड्यांचा आहे. सुकवून कुटतात." मग जुन्या लिपस्टिकचं खोकं शोधून काढलं. त्यातही तेच.
माय दारातच होती. हातातली गवारीची शेंग तशीच राहिली.
"ससा वाचना, किडा मरी गया," म्हणाली. हेमाबेनसुद्धा हसल्या.
मग तिनं शेंग खाली ठेवली. "कानबाईले बी हाईच लावतस ना आपण?"
मी ती डबी बंद करून खणात टाकली.

१६ जुलै, बुधवार
माय बोलत नाही असं नाही. जेवण व्हयनं का विचारते, दूध तापवते. पण कानबाईचा विषय काढला की उठून जाते.
हे सचिन गावातल्या कापडमिलवरून आले तर त्यांना सांगितलं. हे म्हणाले, आमच्या मिलमध्ये रंगात काय काय पडतं ते विचारूच नको. म्हणजे मदत शून्य.

२० जुलै, रविवार
आज बोलली. भाकरी थापता थापता, माझ्याकडे न बघता.
"यंदा कानबाईना तोंडले रंग लावू नको. नथ घालसूत, हार घालसूत, बस."
मी बरं म्हटलं. पार्लरमध्ये येऊन दार लोटलं आणि रडले. चूक कुणाचीच नाही, तेच जास्त लागतं. किडे कुटून केलेला रंग देवीच्या तोंडाला नको, हे तिचं बरोबर. पण ती "रंग लावू नको" म्हणाली आणि मला ऐकू आलं "तू लावू नको". हे सगळं मीच काढलं ना? जुनंच चालू ठेवलं असतं तर माझा मुखडा माझ्याकडे राहिला असता.
भावूनं पाठीवर हात ठेवला. "परत जुनं आणायचं?"
नाही म्हटलं. कसं म्हटलं ते मलाच कळलं नाही. पण नाहीच.

२५ जुलै, शुक्रवार
श्रावण लागला. हेमाबेन नणंदेला घेऊन आल्या, आणि नणंदेनं जावेला. आता डबी आधी मीच उलटी करते. ससा आणि हिरवा ठिपका, दोन्ही असेल तरच घरात. कीटकाशिवायची लाल लिपस्टिक मागवली आहे, कानबाईच्या दिवसाआधी येईल असं वाटत नाही. आली तरी मायला कोण विचारणार?
तरी देवा, तुझे आभार. खुर्ची रिकामी नाही.

२९ जुलै, मंगळवार, नागपंचमी
आज विळी नाही, तवा नाही, खणणं नाही. वाफवलेली दिंडं केली. भावूनं सवयीनं कोथिंबिरीवर सुरी घेतली तर माय ओरडली, मग तिनं हातानं तोडली.
"आजी, कापायचं का नाही पण?"
"आजना दिन कोनलेच दुखाडानं नही. जमीनमा किडा ऱ्हातस, मुंगी ऱ्हातस, नागोबा ऱ्हास."
भावू हसून म्हणाली, "मम्मीनुं पार्लर पण एवुंच आहे ना आजी. तिकडे रोज नागपंचमी."
मला वाटलं झालं, आता माय चिडणार. मायनं दिंड मोडलं. माझ्याकडे बघून म्हणाली,
"आपण एक दिन किडामुंगीले जपतस. तू तं रोज जपाले निंघनी."
आणि माझ्या दिंडावर अजून तूप वाढलं. मी नको म्हटलं नाही. नऊ दिवसांनी तिनं माझ्या डोळ्यांत बघितलं होतं.

२ ऑगस्ट, शनिवार
उद्या कानबाई.
दुपारी माय नारळ घेऊन सरळ पार्लरमध्ये आली आणि गिऱ्हाइकाच्या खुर्चीवर बसली. नारळ मांडीवर. "तोंड धुवानं शे," म्हणाली.
आमचा नारळ जुना, घरात जपलेला. वर्षानुवर्षांची लाली ओठांवर थरांनी बसलेली. खोबरेल लावून कापसानं हळूहळू काढली. एक थर, दुसरा, तिसरा. मनात म्हटलं, ज्यांचा रंग होता त्यांनाही नमस्कार. सगळ्यांच्या खाली फिकट कुंकवाचा ठिपका निघाला. मायच्या सासूनं लावलेला. माय त्याच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, हा राहू दे.
पदराखालून तिनं वाटी काढली. घरचं कुंकू, साजूक तुपात कालवलेलं.
"आते लाव."
म्हटलं, माय, तू लाव ना. देवी तुझी.
"मन्हा हात थरथर कापस. आनि तुन्हाच हातना मुखडा पाहिजे माले."
ब्रश घेतला नाही. करंगळीनं लावलं. डोळे सारखे भरत होते, त्यामुळे वरचा ओठ जरा वाकडा झाला. माय म्हणाली, हसरी दिसते, राहू दे.
लिपस्टिकसारखी चमक नाही. तुपाचा वास येतो. उद्या समया लागतील, आरतीला बाया दाटी करतील, खोली तापेल. तूप टिकेल का, काही सांगता येत नाही. मायला विचारलं, भर आरतीत ओघळलं तर?
"ओघळनं तं पुशी लेसूत," माय म्हणाली. "तू बाजूलेच ऱ्हाय."