आठ कंपन्यांचा राखीव माणूस

३ नोव्हें., सोम.
घोटावड्याच्या कारखान्याचा रोखीचा अंदाज दिला. पंधरा दिवसांच्या खर्चाइतकी रक्कम खात्यात कायम हवी, असं लिहिलं. रा. सर (आमचे वित्तप्रमुख) हसले. "अगं, पैसा झोपवून ठेवायचा नसतो. आमच्या ग्रुपमध्ये चार दिवसांच्या वर कुणी ठेवत नाही. लागले तर बँकेत एक फोन." ग्रुप म्हणजे आठ कंपन्यांचे वित्तप्रमुख, दर शनिवारी मुळशी धरणाकाठी नाश्ता. नववा त्यांचा बँकेतला मित्र. त्या मित्राला तक्त्याच्या कुठल्या रकान्यात टाकायचं, ते विचारलं नाही. पंधराचे चार केले. सही माझी.

७, शुक्र.
मोठ्या ग्राहकाचं पेमेंट महिनाभर पुढे गेलं. सरांनी फोन लावला. मित्राची बदली झालेली. त्याच्या जागेवरचा नवा माणूस कर्जासाठी कागद मागतो. ग्रुपमधल्या इतरांनीही याच आठवड्यात त्याच मित्राला फोन केले होते. आठही जण एकच माणूस राखीव धरून बसलेले.

११, मंगळ.
पगार निघावेत म्हणून पुरवठादारांची बिलं थांबवली. यादी मी केली. तिसरं नाव सचिन, मी नांदे गावात भाड्यानं राहते त्या घरमालकीण काकींचा मुलगा. आम्हाला माल रचायला लाकडी पॅलेट देतो.
संध्याकाळी काकी जिन्यात. "तुमची कंपनी लई मोठी हाय म्हणं. मग पोराचं पैसं कुटं अडकलं?"
"प्रोसेसमध्ये आहेत, काकी."
"व्हय. गेल्या टायमाला बी तितंच हुतं."

१५, शनि.
सर नाश्त्याला गेले. नव्या बँकवाल्याला बोलावलंय म्हणे.
सचिननं दोन कामगार घरी बसवले. भाडं द्यायला खाली गेले. काकी म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. तुजाबी पगार अडकला आसंल." "झाला," म्हटलं. काकींनी पाकीट न उघडता डब्याखाली सरकवलं. चहा विचारला नाही. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा.

१७, सोम.
उद्या सकाळी अकराला ऑडिट समितीची बैठक. सर दार लावून म्हणाले, "चारच्या अंदाजावर सही तुझीच आहे. पण तू नवीन आहेस, सांभाळून घेऊ." सांभाळून घेणं म्हणजे काय, ते त्यांनी सांगितलं नाही.
पंधरावाला तक्ता तीन तारखेच्या मेलमध्ये आहे, सरांनाच पाठवलेला. तो पुढे पाठवायला समितीच्या अध्यक्षांचा पत्ता टाकून ठेवलाय. त्याच मेलच्या खाली सरांची एक ओळ, 'चार कर.' आणि तिच्याखाली माझं उत्तर: 'केले, सर. चार पुरेसे आहेत.'
दुसरं वाक्य कुणी मागितलं नव्हतं. मेल पाठवला तर तेही जाईल.