माझ्या सहीचे नऊ डबे

मी, मालिनी श्यामकांत खरवंडीकर, वय एकाहत्तर, धंदा जपानी लाखकाम, राहणार बुइटनव्हेल्डर्ट, ॲमस्टरडॅम, पूर्ण शुद्धीत व पूर्ण वैतागात, कुणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवते. नोटरीकडचं डच मृत्युपत्र वेगळं आहे. त्यात फ्लॅट मावला, किळस मावली नाही.

१. सदर फ्लॅट मुलगा रुचिर यास. तो आइंडहोव्हनला चिपच्या यंत्रांवर काम करतो, तिथे त्याला धुळीचा कण खपत नाही. इथे मात्र "आई, ओल किती गं!" म्हणून त्याने माझ्या लाखेच्या कपाटात हीटर लावला. उरुशी, म्हणजे त्या जपानी झाडाचा चीक, ओलीतच वाळतो, हे चाळीस वर्षं सांगतेय. पालथ्या घड्यावर पाणी! कपाट त्याला मिळणार नाही.

२. घासायचा कोळसा, पाती, गाळणी याबद्दल कलम ५ पाहावे. सत्ताविसाव्या वर्षी शिष्यवृत्तीवर जपानात, लाखकामाच्या वाजिमा गावी गेले, तिथे पहिलं वर्ष नुसतं घासणं. त्या चिकाने तोंड-हात सुजले. आईने पत्रात लिहिलं, "अगं, हा तर बिब्बा उतलाय, तीळखोबरं लाव." लावलं आणि टिकले. सहा वर्षं टिकले.

३. माझ्या गॅलरीवाल्यास काडीही देऊ नये. "मॅडम, लोकांना चकाकी हवी, थर कोण मोजतं?" असं तो हसत म्हणाला होता. शी! त्याला अंत्यविधीला उभा करू नये.

४. आता माझी घाण. पाच वर्षांपूर्वी हात कापू लागले आणि नाताळची ऑर्डर अंगावर आली. नऊ डबे मी उरुशीऐवजी साध्या रंगाने, गाड्या रंगवणाऱ्याकडून फवारून घेतले, दोन दुपारांत, आणि त्यांवर सोन्याने सही केली. माझी शिष्या संहिता सात वर्षं माझ्याकडे होती. ती एकटीच म्हणाली, "मावशी, यावर सही नका करू." पुढे एका डब्याचा रंग सालीसारखा निघाला, तेव्हा भर गॅलरीत मी म्हणाले, "हे संहितेनं केलं." पोरीने माझ्याकडे पाहिलं, घरी येऊन ॲप्रन घडी करून ठेवला आणि गेली. त्यानंतर तिला कुणी काम दिलं नाही. थू माझ्या तोंडावर. हे कलम माझ्या पश्चात रुचिरने त्याच गॅलरीत, संहितेचं पूर्ण नाव घेऊन, डचमध्ये मोठ्याने वाचावे.

५. कपाट, हत्यारं व कुंचला संहितेस. हा कुंचला माझ्याच कापलेल्या वेणीचा आहे. पेन्सिलीतल्या शिशासारखे केस लाकडात शेवटपर्यंत असतात. झिजला की तासायचा. अर्धा उरलाय. त्यातले केस काळे आहेत, आणि ते होते तेव्हा मी कुणावर खोटा आळ घेतला नव्हता.

दुरुस्ती: साक्षीदार वृंदा, माझी शेजारीण, कलम ४ वाचून पेन खाली ठेवून म्हणाली, "मालिनीताई, मेल्यावर सांगणार? म्हणजे ऐकून घ्यायला तुम्ही नाहीच! मी नाही सही करत." सबब "माझ्या पश्चात रुचिरने" हे शब्द खोडले आहेत. तिथे "येत्या शनिवारी मी स्वतः" असे वाचावे, आणि शेवटचे "वाचावे" हे "वाचीन" असे धरावे.

सही, कापऱ्या हाताची: मालिनी श्यामकांत खरवंडीकर
साक्षीदार: १. वृंदा टिळेकर (दुरुस्तीनंतर) २. आशुतोष मुळगुंद
बुइटनव्हेल्डर्ट, गुरुवार, १४ नोव्हेंबर २०२४